गुळवेलीचा काढा आणि यकृत

कोरोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेल उकळू लागली. गावांत तर ती बांधावरच्या झाडावर हाताशीच: बदामाच्या आकाराची पानं, कागदासारखी सुटणारी साल.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. प्रतिकारशक्ती चेतवली की कधी ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, हा त्यांचा निष्कर्ष. आयुष मंत्रालयाने तो नाकारला. दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं म्हटलं.

वाद राहू दे, कुणाचंही म्हणणं खरं धरलं तरी सावधगिरी हवीच.

थायरॉईड, संधिवात, मधुमेह असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय काढा नको. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांपासून तो लपवू नका.