बरे वाटले, तरी गोळी सोडू नका

“डॉक्टर, रक्ताचा रिपोर्ट आता चांगला आला. गोळी बंद केली तर चालेल ना?” मुंबईच्या टाटा रुग्णालयातून उपचार घेऊन रत्नागिरीस परतलेल्या रुग्णाचे कुटुंबीय असे विचारतात, तेव्हा मी आधी पेशीचे कार्य समजावून सांगतो.

आपल्या वाडीत एका घरची हाक दुसऱ्या घरी, तेथून तिसऱ्या घरी पोहोचते. पेशीतही तसेच घडते. ‘वाढ’ हा निरोप पेशीच्या पृष्ठभागावर येतो आणि प्रोटीन कायनेज नावाची प्रथिने तो आत पोहोचवतात. कायनेज हे एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतील फॉस्फेट काढून पुढील प्रथिनास जोडते; ते कार्यरत होऊन निरोप पुढे देते. काम संपताच दुसरी प्रथिने तो फॉस्फेट उतरवतात व हाक थांबते. मानवी शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून ‘बीसीआर-एबीएल’ हे कायनेज निर्माण होते. ते निरोप नसतानाही अखंड हाका देत राहते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. इमॅटिनिबची गोळी त्या कायनेजमधील एटीपीची जागा अडवते.

अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेले हे औषध भारतात महिन्याला लाखाहून अधिक रुपयांचे होते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसह अनेकांनी त्याच्या पेटंटला विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी रुग्णांना मिळत राहिली. स्वस्त म्हणून ती कमी प्रतीची समजू नये.

मात्र ध्यानात ठेवा : गोळी हाक अडवते, गुणसूत्रातील बिघाड दुरुस्त करीत नाही. म्हणून रिपोर्ट उत्तम असला, तरी ती मनाने बंद करू नये. काही निवडक रुग्णांत तज्ज्ञ ती थांबवतात, पण नियमित तपासण्यांच्या देखरेखीखालीच.

घरच्यांनी एवढे सांभाळावे : गोळी जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासह द्यावी. डोळ्यांभोवती वा पायांवर सूज, धाप, एकाएकी वाढलेले वजन दिसल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. इतर कोणतेही औषध, काढासुद्धा, विचारल्याशिवाय देऊ नये. आणि गोळ्या संपण्यापूर्वीच पुढची पाकिटे आणून ठेवावीत.