फांद्यांआडचं गाव

कामिल पिसारोच्या 'लाल छपरं' या चित्रात गाव लगेच दिसत नाही. आधी आड येतात ती फळबागेतली झाडं, पानं झडलेली, वेडीवाकडी. फांद्यांच्या त्या गुंत्यातून नजर आत शिरली की मग पांढऱ्या भिंती, धुराडी आणि उतरती छपरं हाती लागतात. १८७७ सालचं हे चित्र पॅरिसच्या वायव्येला पॉन्त्वाझमधल्या लेर्मिताज या वस्तीचं. तिथल्या वाटा पिसारोच्या रोजच्या पायाखालच्या होत्या. चार दिवस हवापालटाला आलेल्या चित्रकाराने झाडं बाजूला सारून घरांचा देखणा कोन शोधला असता. पिसारोने तसं केलं नाही, आणि या चित्राचं मोठेपण मला तिथेच दिसतं.

चित्र मोठं नाही, साधारण ५५ बाय ६६ सेंटीमीटर. पण रंगाचा थर जाड आहे. छपरांचा लाल छपरांवर थांबत नाही. तो खाली झुडपांत उतरतो, मातीत मिसळतो. त्याच्या शेजारी हिरवा येतो. लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग. शेजारी ठेवले की दोन्ही अधिक उजळ वाटतात. म्हणून हिवाळ्यातलं गाव असूनही चित्र थंड पडत नाही. फटकारे आखूड, कुठे उभे, कुठे तिरपे. भिंतीला वेगळी आणि गवताला वेगळी वागणूक नाही. घरं त्या जमिनीतूनच उगवल्यासारखी दिसतात.

अशा विषयांवर नाकं मुरडली जात होतीच. १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनाच्या वेळी कास्तान्यारी या समीक्षकाने पिसारोचं कौतुक केलं, पण त्याला भाजीचे मळे आणि कोबी रंगवायचा भारी सोस आहे, अशी तक्रारही केली. पिसारोने मळे सोडले नाहीत. या गटाची १८८६ पर्यंत आठ प्रदर्शनं झाली; त्या आठही प्रदर्शनांत चित्रं मांडणारा तो एकटाच. 'लाल छपरं' तिसऱ्या प्रदर्शनात होतं.

पुढे ते गुस्ताव कायबोत या चित्रकार मित्राच्या संग्रहात गेलं. १८९४ मध्ये कायबोत वारला. त्याने संग्रह फ्रेंच सरकारच्या नावे केला होता, तरी सरकारने त्यातला काही भागच स्वीकारला. पिसारोच्या अठरा चित्रांपैकी सात घेतली. त्यांत हे होतं, म्हणून आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात पाहता येतं.