एकेक डोळा झाकून पाहा

चेन्नईच्या दक्षिणेकडील वेलचेरी येथे, तलावाच्या भोवती उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये, नोकरी-बदलीच्या निमित्ताने आलेली महाराष्ट्रीय कुटुंबेही राहतात. त्यांपैकी एका परिचित कुटुंबातील सहा वर्षांचा मुलगा पुण्याहून येथील शाळेत दाखल झाला. फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्यात तो मागे पडू लागला, शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागला. घरच्यांनी साहजिकच असा समज करून घेतला की लिपी नवी, भाषा नवी, म्हणून मूल गोंधळले आहे. तमिळची शिकवणी लावण्यात आली. काही महिन्यांनी शाळेत नेत्रतपासणी झाली, तेव्हा उलगडा झाला. डाव्या डोळ्याला थोडा आणि उजव्या डोळ्याला बराच मोठा चष्म्याचा क्रमांक होता. उजव्या डोळ्याने त्याला तक्त्यावरील वरच्या दोन ओळींपलीकडे काही वाचता आले नाही.

"त्याने कधी तक्रारच केली नाही," असे त्याची आई वारंवार म्हणत होती. लहान मुले तक्रार करीत नाहीत, हीच यातील मुख्य अडचण आहे. जन्मापासून जग धूसर दिसत असेल, तर ते धूसर आहे हे मुलाला कसे कळावे? शिवाय एक डोळा बरा असला की मूल त्याच्या आधाराने धावते, खेळते, चित्रे रंगविते आणि दुसऱ्या डोळ्याची उणीव झाकली जाते.

या उणिवेचे एक गंभीर रूप म्हणजे मंददृष्टी, ज्याला बोलीत 'आळशी डोळा' म्हणतात. डोळा हे केवळ प्रतिमा टिपणारे साधन असून पाहण्याचे काम मेंदू करतो, आणि हे काम मेंदू आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत शिकतो. एका डोळ्याकडून सतत अस्पष्ट प्रतिमा येऊ लागली, अथवा तिरळेपणामुळे दोन डोळ्यांच्या प्रतिमा जुळेनाशा झाल्या, की मेंदू त्या डोळ्याचा निरोप घेणेच सोडून देतो. पुढे चष्मा दिला तरी तो डोळा लगेच पूर्ण पाहू शकत नाही. साधारणपणे सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाल्यास यश चांगले मिळते. नंतरही काही सुधारणा होऊ शकते, परंतु ती कष्टाने. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मुदत अर्ज करून वाढवून मिळत नाही.

घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. मुलाचा एक डोळा तळहाताने, न दाबता, झाका व दूरच्या दिनदर्शिकेवरील चित्र ओळखायला सांगा. मग दुसरा झाका. एक विशिष्ट डोळा झाकला की मूल हात झटकते, मान वळविते किंवा रडू लागते आणि दुसरा झाकला तर निवांत राहते, असे आढळल्यास नेत्रतज्ज्ञाला गाठावे. अर्थात ही परीक्षा वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही. ती केवळ शंका उत्पन्न करण्यापुरती आहे.

तान्ह्या बाळाने दोन-तीन महिन्यांत आईच्या चेहऱ्याकडे पाहून नजर फिरवायला हवी. पहिल्या काही महिन्यांत डोळे अधूनमधून तिरके होणे स्वाभाविक असते. चार महिन्यांनंतरही तिरळेपणा दिसत राहिला तर तो दाखविलाच पाहिजे. काही घरांत तिरळा डोळा भाग्याचा मानतात. त्या भाग्याची किंमत मुलाच्या दृष्टीने मोजावी लागू शकते. छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली तांबडी आणि दुसऱ्याची पांढरट दिसली, तर विलंब मुळीच करू नये. त्यामागे जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मानंतर महिन्याभराच्या आत तपासून घ्यावे, मग डोळे कितीही टपोरे दिसोत.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा दोषांची तपासणी अंतर्भूत आहे. २०१३ साली त्याचा प्रारंभ आपल्या पालघर येथूनच झाला होता. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, अशी त्यात योजना आहे. खाजगी शाळांतील पालकांनी मात्र स्वतःच पुढाकार घ्यावा.

वेलचेरीकरांना उपचारांसाठी फार दूर जावे लागत नाही. एग्मोर येथील शासकीय नेत्र रुग्णालय १८१९ पासूनचे, तर डॉ. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेले शंकर नेत्रालय नुंगमबाक्कममध्ये आहे. मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट याच प्रांतातली: तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या, डोळ्यांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन करण्यात आल्या आहेत.

लघुदृष्टीबाबत एक सूचना. गाजर, पपई, शेवग्याचा पाला 'अ' जीवनसत्त्वासाठी उत्तम. परंतु चष्म्याचा क्रमांक त्यांनी उतरत नाही. काजळाने तर काहीच साधत नाही, उलट त्यात शिसे असण्याची भीती असते. रोज दोनेक तास मोकळ्या उजेडात खेळल्याने लघुदृष्टी जडण्याचे प्रमाण कमी होते, असे अभ्यासांतून दिसले असून तैवानमध्ये २०१० पासून शाळांतून त्यावर भर दिला जातो. चेन्नईच्या दुपारी मुलांना बाहेर सोडणे कठीण, हे मान्य. पण सकाळ-संध्याकाळ बेझंटनगरचा समुद्रकिनारा काय वाईट?

त्या मुलाला प्रथम चष्मा देण्यात आला. काही आठवड्यांनी नेत्रतज्ज्ञांनी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावण्यास सांगितले, म्हणजे मेंदूला उजव्या डोळ्याचे ऐकावेच लागते. पहिले आठ दिवस रडण्यात गेले. मग समोरच्या बिऱ्हाडातील पाटीअम्मांनी युक्ती काढली. आपण जिला ठिपक्यांची रांगोळी म्हणतो, ती 'कोलम' त्या रोज पहाटे दारात घालतात. त्यांनी वहीत ठिपके काढून दिले, आणि पट्टी असेपर्यंत ते जोडायचे असा नेम ठरला. आधी मोठे पाच ठिपके होते, पुढे बारीक अकरा. आता तो शाळेतून आल्यावर स्वतःच पट्टी मागून घेतो आणि वही घेऊन समोरच्या घरी जातो. तमिळ अंकही तो तिथेच शिकला. शिकवणी केव्हाच बंद झाली आहे.