व्ही-खाचेतून पाण्याचा हिशेब

डोंगरातल्या आमच्या छावणीला एकाच ओढ्याचं पाणी. उन्हाळ्यात ते किती येतं, त्यावर तिथे किती माणसं ठेवायची हे ठरायचं. म्हणून ओढ्यात ९० अंशांची व्ही-खाच कापलेला पोलादी पत्रा आडवा बसवला.

खाचेच्या तळटोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा २.५ घात काढा, १.३८ ने गुणा. सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं ते मिळतं. उंची १० सेंटीमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर, २० असेल तर जवळजवळ २५! म्हणून उंचीतली छोटी चूकही महागात पडते.

मी नेमका तिथेच चुकलो. पट्टी खाचेतच धरली. पण कडेशी येताना पाणी खाली झुकतं. १० च्या जागी ९ वाचलं, की हिशेबातून जवळपास पाव पाणी गायब. पट्टी प्रवाहाच्या वरच्या बाजूला, जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतरावर हवी. खाचेची कड एक-दोन मिलिमीटर जाड, तिची तिरपी बाजू खालच्या अंगाला. पडणारी धार पत्र्याला चिकटू नये, मागे हवा खेळली पाहिजे. आणि हो, पत्र्याखालून झिरपणारं पाणी मोजलंच जात नाही. जवानांनी तिथे चिकणमाती ठासली, मगच आकड्यावर भरवसा ठेवला.