वाऱ्याचा अंदाज

किकवीत पुणे-सातारा महामार्गाच्या कडेला उभं राहिलं की वारा किती आहे हे सांगायला यंत्र लागत नाही, टपरीवरची ताडपत्री सांगते. वारा किती होईल, हे मात्र तिला विचारून उपयोग नाही. उफणणीला पाटी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची चिंता तीच: सुटलेलं वारं रास संपेपर्यंत टिकेल का? त्याचा ठोकताळा साधा. आत्ता आहे, तर घटकाभर राहील.

गंमत अशी की हवामानशास्त्रात हा ठोकताळा रीतसर पद्धत मानला जातो. आत्ताचा वेग तोच पुढच्या तासाचा, असं धरून चालायचं. तास-दोन तासांपुरतं हिला हरवणं भल्याभल्यांना जड जातं, म्हणून नव्या पद्धतीची पहिली कुस्ती हिच्याशीच लावतात.

काही तासांच्या पुढचं बघायचं तर हवेचं गणितच मांडावं लागतं. लुईस रिचर्डसन या शास्त्रज्ञाने ते हाताने करून पाहिलं आणि 1922 साली पुस्तकात छापलं. उत्तर आलं, सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबारने वाढेल! प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. चूक लपवली नाही, हे त्याचं मोठेपण. आज तेच गणित पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले महासंगणक करतात. तिथे तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे 2025 मध्ये हवामान खात्याच्या हाती आली. तिची जाळी 6 किलोमीटरची, आधीची 12 ची होती.

पण किकवीच्या आसपासचा भोर-वेल्ह्याचा मुलूख 6 किलोमीटरच्या चौकोनात मावत नाही. 1403 मीटरचा तोरणा तिथे सरासरीतला फुगवटा होऊन बसतो. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा मात्र खिंडीत दाटतो, डोंगराआड पडतो, माथ्यावर उधळतो. म्हणून जागेवर खांब लागतो: 10 मीटर उंच, वर फिरत्या तीन वाट्या. वाट्यांची ही कल्पना रॉबिन्सन नावाच्या शास्त्रज्ञाची, 1846 ची. त्याच्या यंत्राला चार होत्या. खांबाच्या नोंदी आणि संगणकाचे आकडे शेजारी ठेवले की संगणक कोणत्या दिशेच्या वाऱ्याला नेहमी कमी लेखतो ते दिसतं, तेवढी दुरुस्ती करता येते. मशीन लर्निंगचं बरंचसं काम इथे हेच आहे. नाव मोठं, काम हिशोबनिसाचं.

याच महामार्गाने पुढे गेलं की सातारा, आणि वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या. तिथे अंदाज चुकला तर पैसे जातात. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. अंदाज सेकंदाला 6 मीटरचा होता आणि वारा 5 चा आला, तर शक्ती 42 टक्क्यांनी घटते. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या 2018 च्या नियमांत दिवसाचे पंधरा मिनिटांचे 96 तुकडे धरले. प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार ते आधी सांगायचं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकलं की पैसे मोजायचे; 2018 च्या त्या नियमांत ही मर्यादा उपलब्ध क्षमतेच्या 15 टक्क्यांची होती.

किकवीच्या शेतकऱ्याला एवढा खटाटोप नको. फवारणीआधी मोबाइलवरचा वाऱ्याचा आकडा बघा, बांधावरच्या आंब्याचा शेंडाही बघा, आणि महिनाभर दोन्ही वहीत लिहा. तुमच्या शिवारासाठी तो आकडा किती चुकतो, ते त्या वहीतच सापडेल.