हार्ड डिस्क बरी आहे का, हे घरच्या घरी कसं बघायचं?



होडीचे कागद, विम्याची पावती, पोरांचे दाखले, लग्नाचे फोटो हे सगळं आता बऱ्याच घरांत एका कॉम्प्युटरमध्ये असतं. सोसायटीत तर रोजच्या मासळीचं वजन आणि प्रत्येकाचा हिस्साही त्यातच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला ५ लाख रुपयांचा विमा आहे. उद्या कुणाच्या घरावर तशी वेळ आली तर कागद शोधत बसायला सवड नसते. कॉम्प्युटर बिघडला तर दुसरा आणता येतो, पण त्यातली हार्ड डिस्क गेली की कागदही गेले. म्हणून हे थोडं सविस्तर लिहितो आहोत.

हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत फिरणाऱ्या गुळगुळीत चकत्या. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. त्यावरून एक बारीक टोक केसापेक्षाही कमी अंतर ठेवून फिरतं, पण चकतीला टेकत नाही. टेकलं तर ओरखडा. चालू कॉम्प्युटर हलवू नका, आपटू नका असं सांगतात ते यासाठी.

चकतीचा एखादा तुकडा खराब झाला तर डिस्क तो सोडून देते आणि राखीव ठेवलेल्या जागेतला दुसरा तुकडा वापरते. आपण जाळं सांधतो तसंच. दोन-चार ठिकाणी सांधलेल्या जाळ्यात मासे येतातच. पण दर आठवड्याला नवीन भोक पडायला लागलं तर सूतच कुजलंय हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. डिस्क अशा सांध्यांची नोंद स्वतःच ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात.

ती वाचायला 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडलं की निळ्या रंगात 'गुड', पिवळ्यात 'कॉशन' किंवा लाल रंगात 'बॅड' दिसतं. बरेच जण निळं बघून बंद करतात. आमचं म्हणणं, खालचा तक्ताही बघा. त्यातल्या तीन ओळी कामाच्या: 'रिअलोकेटेड सेक्टर्स' म्हणजे बदललेले तुकडे, 'पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचता येत नाहीत आणि अजून निकाल लागलेला नाही असे, आणि 'अनकरेक्टेबल' म्हणजे प्रयत्न करूनही न वाचलेले. या तिन्हींपुढे शेवटच्या 'रॉ' रकान्यात शून्य हवं. आधीच्या रकान्यांत १००, २०० असे आकडे दिसतात ते शाळेच्या मार्कांसारखे, जास्त तितकं चांगलं. त्यांना घाबरू नका.

एक गंमत आहे. हा रॉ आकडा सुरुवातीला कॉम्प्युटरच्या सोळाच्या हिशेबात दिसतो, म्हणजे १० लिहिलं असेल तर ते खरे १६. 'फंक्शन' मेनूत, 'अॅडव्हान्स्ड फीचर'मध्ये, 'रॉ व्हॅल्यूज'ला १० निवडलं की आपले नेहमीचे आकडे येतात. आणि सीगेट कंपनीच्या डिस्कवर 'रीड एरर रेट'पुढे कोटींतला आकडा दिसला तरी ते नेहमीचंच आहे.

'सीआरसी एरर' वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो, वायर सैल किंवा खराब असते. आधी ती स्वस्तातली वायर बदलून बघा. कुणी लगेच नवीन डिस्क घ्या म्हणालं तर हा आकडा दाखवा.

आकडा एकदा बघून भागत नाही. तारखेसह वहीत लिहा, महिन्याने परत बघा. ५ होते, सहा महिने ५च राहिले तर एक गोष्ट. ५ चे ४० झाले तर त्या डिस्कवर विश्वास ठेवू नका.

आता दुसरी बाजू. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. पहिला तुकडा बदलला गेला की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढलेली दिसली. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी आधी यातली कुठलीच खूण दाखवली नव्हती. म्हणजे पिवळं दिसलं तर नक्की हला, पण निळं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. एसएसडी असेल तर आणखीच सावध, ती आवाजही न करता एका दिवसात जाते.

डिस्क 'टक टक' करायला लागली, फाइल उघडायला फार वेळ लागतोय, कॉम्प्युटर मध्येच गोठतोय, असं झालं तर बहुतेक जण आधी तपासणी लावतात. ते उलटं आहे. पूर्ण तपासणीत डिस्कचा कोपरा न् कोपरा तासन् तास वाचला जातो आणि आजारी डिस्क त्यातच जाऊ शकते. आधी महत्त्वाचे कागद दुसरीकडे उतरवा, फोटो नंतर, सिनेमे राहू द्या. तपासणी त्यानंतर. टकटक मोठी असेल तर सरळ बंद करा. आतला डेटा खास प्रयोगशाळेत काढून मिळू शकतो, पण खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो. डबी घरी उघडू नका, फ्रीजमध्ये तर ठेवूच नका.

बडोद्याहून जुना कॉम्प्युटर आणणाऱ्यांनी 'पॉवर ऑन अवर्स' बघायचा. ऑफिसात रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस चाललेली डिस्क वर्षाला ३००० तास दाखवते. सीसीटीव्हीतली रात्रंदिवस चालते, तिचे वर्षाला ८७६० होतात. ३५ हजार तास म्हणजे चार वर्षं न थांबता चाललेली. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हे तास पुसून जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीस आलं होतं, त्यामुळे तास शून्य आणि डबीवर ओरखडे असं दिसलं तर घेऊ नका.

शेवटी पाण्याचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरला भरलं आणि नर्मदेचं पाणी चांदोद-करनाळीत घरांत शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या पुराला 'गुड' दाखवणारी डिस्क आणि 'बॅड' दाखवणारी डिस्क सारखीच. भिजलेली डिस्क वाळवून चालू करून बघू नका, तशीच जाणकाराकडे न्या. आणि कागदांची दुसरी प्रत त्याच घरात ठेवू नका. काठावर राहणाऱ्यांनी डभोईतल्या नातेवाइकांकडे पेनड्राइव्ह ठेवावा किंवा गूगल ड्राइव्हवर चढवावं. पेनड्राइव्हही कधीमधी लावून फाइल उघडते का ते बघत चला.

तक्ता समजला नाही तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून ऑफिसात घेऊन या. सकाळचं वजन आटोपलं की सोबत बसून बघू.