उचलीच्या आधी आलेले पैसे

तारापूर औद्योगिक वसाहतीत हल्ली हंगामी कामाला माणूस मिळत नाही, अशी कुरकुर बोईसरच्या चहाच्या टपरीवर सुरू झाली की गाडी लगेच 'लाडकी बहीण' योजनेवर येते. "सरकार फुकट पैसे वाटतंय, मग कशाला येतील कामाला?" हा समज इतका रुळलाय की त्याला कुणी हिशेब विचारत नाही. तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करू.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या या योजनेत पात्र महिलेला महिन्याला 1500 रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला पन्नास. रोजगार हमीची 2025-26 मधली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. पाच दिवस माती उपसली की पंधराशेच्या वर पैसे होत. पन्नास रुपये रोजावर हातपाय पसरून बसणारं कुटुंब कुणाला सापडलं, तर त्याचा जाहीर सत्कार करावा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख मदत योजनांची आकडेवारी तपासली. त्यांचा 2017 चा निष्कर्ष असा, की पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा नाही.

गैरसमज : पैसे दारूत जातात.

काही घरांत जातात. पण ते पगाराच्या पैशांचंही होतं, आणि म्हणून पगार बंद करा असं कुणी म्हणत नाही. इव्हान्स आणि पोपोवा या अभ्यासकांनी जगभरातले 19 अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना आढळलं नाही.

गैरसमज : एवढ्याशा रकमेने काय फरक पडतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याने पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडचा पावसाळा पाहिलेला नसतो. गेल्या वर्षीचं भात, नागली, वरई संपलेली असते, आवणी (भातलावणी) तोंडावर असते आणि मजुरीचं काम थांबलेलं असतं. त्यात मूल आजारी पडलं किंवा बियाणं घ्यायचं राहिलं, की मुकादमाकडे हात पसरावा लागतो. तो देतो ती उचल. दिवाळी झाली की ती फेडायला नवरा-बायको पोरांसकट वीटभट्टीवर जातात. या जाण्याला इकडे 'जगायला जाणं' म्हणतात. भट्टीवर आठवड्याला खर्चीपुरते पैसे हातावर पडतात आणि हिशेब होतो हंगाम संपल्यावर. विटा किती पाडल्या हे मालकाच्या वहीत असतं. उचलीपायी मजुराला असं बांधून ठेवणं 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे; तरी पालघर-ठाण्यात कातकरी आदिवासी मजुरांच्या सुटकेच्या बातम्या येतच राहतात.

इथे रकमेपेक्षा वेळ महत्त्वाची ठरते. पावसाळ्यात हातात आलेले दोन-तीन हजार उचल कायमची संपवणार नाहीत. पण ती निकडीपोटी, मुकादम म्हणेल त्या अटीवर घ्यावी लागणार नाही. मध्य प्रदेशात 2011-12 मध्ये 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने केलेल्या प्रयोगात एका आदिवासी गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिना 300 आणि मुलामागे 150 रुपये दिले गेले. तिथली कुटुंबं मजुरीकडून स्वतःच्या शेताकडे वळली. बोईसरच्या टपरीवरची तक्रार यात अर्धवट खरी ठरेल कदाचित: माणूस काम सोडत नाही, पडेल त्या भावाने काम करणं सोडतो.

महाराष्ट्राला वेळेचं हे महत्त्व ठाऊक नव्हतं असं नाही. आदिवासींच्या पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्ज योजना 1978 पासूनच होती. पुढे ती बंद पडली. कोरोनाच्या काळात 2020 मध्ये 'खावटी अनुदान' म्हणून ती एका वर्षासाठी परत आणली: कुटुंबाला 4000 रुपये, त्यातले 2000 खात्यात आणि 2000 चा किराणा. टाळेबंदी लागली मार्च 2020 मध्ये. किराणा अनेक पाड्यांवर पोचेपर्यंत 2021 चा पावसाळा उजाडला.

गैरसमज : खात्यात जमा झाले म्हणजे मिळाले.

पैसे जातात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. ते खातं कोणतं, हे बाईला पुष्कळदा माहीत नसतं. कुणीतरी शिबिरात उघडून दिलेलं असतं. मग जीपचं भाडं भरून बाजाराच्या गावी सेवा केंद्रात जायचं आणि यंत्रावर अंगठा टेकवायचा. माती आणि राब यांत झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. पाणी लावून, पदराला पुसून पुन्हा टेकवायचा. रेंज गेली की उद्या या. भाडं गेलं, वर दिवसाची मजुरीही बुडाली. त्यातच 2025 मध्ये 'लाडकी बहीण'साठी ई-केवायसी सक्तीची झाली. मुदत वाढवून 31 डिसेंबर केली, पण तेव्हा पाड्यांवरच्या कितीतरी घरांना कुलूप असतं, माणसं भट्टीवर असतात.

गैरसमज : रोख दिली की रेशन बंद केलं तरी चालेल.

हा सगळ्यांत घातक. पालघरला खेटून असलेल्या दादरा-नगर हवेलीतल्या शहरी भागात, तसंच चंदीगड आणि पुदुच्चेरीत, केंद्राने 2015-16 मध्ये रेशनऐवजी खात्यात पैसे द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या पाहणीतच दिसलं, की तेवढंच धान्य बाजारात घ्यायला मिळणारी रक्कम पुरत नव्हती. ज्या जव्हार तालुक्याने 1992 मध्ये वावर-वांगणीचे कुपोषणबळी पाहिले, तिथे तर धान्य, अंगणवाडी आणि दवाखाना या तिन्हींच्या वर रोख मदत हवी.

सरकारला रक्कम वाढवणं परवडत नसेल, तर नको वाढवू दे. निदान तारीख तरी पाळावी: वर्षाच्या हप्त्यांतला मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, मुकादम पाड्यावर फिरकायच्या आधी खात्यात पडला पाहिजे, आणि तो काढून द्यायला यंत्र घेऊन माणूस पाड्यावर गेला पाहिजे.